दोघांच्या मापाचा हेडफोन

आमच्या घरात भांडण कोंकणीतून व्हायचं आणि मराठीवरून व्हायचं. बाबा मराठी शाळेत मास्तर. दिवसभर मुलांना मराठी शिकवून घरी यायचे, चपला काढता काढता "बाये, उदक हाड गो" म्हणून मला हाक मारायचे आणि पाणी पिऊन झालं की त्याच कोंकणीत आईला सांगायचे, आपली भाषा मराठी. आई कोरगावची, पेडण्याकडची. तिकडची माणसं अर्धी मालवणी, अर्धी कोंकणी बोलतात. ती चुलीपाशी बसूनच विचारायची, "आनी आता तुमी खंयच्या भाशेत उलयलात?" बाबांचं उत्तर तयार असायचं. पोथी मराठीत, आरती मराठीत, जत्रेतली नाटकं मराठीत, आजोबा-पणजोबांचा पत्रव्यवहार मराठीत, मग भाषा कुठली झाली? आई फुंकणी खाली ठेवून म्हणायची, "पोथी वर्सान एकदा उगडतात. तोंड दिसभर उगडां आसता." मग बाबा हसायचे. हसू लपवायला मिशीवरून हात फिरवायचे, आणि पुन्हा सुरू करायचे.

घर आमोण्याच्या वरच्या अंगाला होतं. मांडवी दिसायची नाही, पण खनिज भरून जाणाऱ्या बार्जींचे भोंगे ऐकू यायचे. सकाळी पोदेर, आमचा पाववाला, सायकलचा भोंपू वाजवत उंडे घेऊन यायचा, त्याच्यामागून ट्रक सुरू व्हायचे, आणि दुपारपर्यंत कुंपणाच्या जास्वंदीवर तांबडी धूळ बसायची. या सगळ्या आवाजांत आईबाबांच्या भांडणाचा आवाज मला कधी वेगळा वाटला नाही. तो घरातलाच एक आवाज होता, रहाटाच्या कुरकुरीसारखा. भांडताना मध्येच बाबा माशांचं कालवण चाखून "हुमणाक मीठ उणें पडलां" म्हणायचे, आई "गायीक पेंड सोंपली, फाल्यां हाडात" सांगायची, माझी फी, मामाचं लग्न, गळणारं छप्पर, सगळं त्यातच बोलून व्हायचं आणि मग भांडण आपल्या मूळ जागी परत यायचं. भांडून झालं की दोघांनाही भूक लागायची. पेज, भाजलेला सुका बांगडा आणि आंब्याचं मिस्कूट, म्हणजे लोणचं, घेऊन दोघं समोरासमोर बसायची. इतर घरांत नवराबायको भांडण बाजूला ठेवून बोलतात हे मला माझ्या लग्नानंतर कळलं. आमच्याकडे तशी पद्धत नव्हती.

सोप्यावर भिंतीतल्या फळीवर रेडिओ होता. जुना, जड, पण कातडी पट्ट्याचा, त्यामुळे कुठेही नेता यायचा. त्याच्या वेळा ठरलेल्या होत्या. दुपारची कोंकणी गाणी आणि बातम्या आईच्या, संध्याकाळच्या मराठी बातम्या बाबांच्या. आई रेडिओ मागच्या अंगणात नेऊन काजूच्या बिया फोडता फोडता ऐकायची. बाबा तो पट्ट्याने खांद्याला अडकवून पोफळींना पाणी सोडायला जायचे. दोघं एकमेकांच्या वेळेत नाक मुरडायची, पण बंद कुणी करत नसे.

मग ते दिवस आले. राजभाषा कुठली, गोवा घटकराज्य होणार की नाही, यावरून रस्ते पेटले. भिंतींवर डांबराने घोषणा लिहिलेल्या, बस वाटेत थांबवलेल्या, झाडं तोडून रस्त्यावर आडवी टाकलेली. आमच्या गावात चहाची दुकानं दोन. एक मराठीवाल्यांचं झालं, दुसरं कोंकणीवाल्यांचं. मालक बिचारे दोघेही सावंतवाडीकडचे, त्यांना दोन्हीकडची गिऱ्हाइकं हवीच होती. मी तेव्हा बारावीला होते. कॉलेज महिन्यातले अर्धे दिवस बंद असायचं आणि मी घरी बसून हे सगळं बघत होते.

आई त्या वेळेपर्यंत कुठल्याच बाजूची नव्हती. बाबांना चिडवायला ती कोंकणीची होती इतकंच. एक दिवस बाबांकडे कोल्हापूरकडचे दोन शिक्षक आले. आईने चहा दिला आणि पाहुणे म्हणून आपल्या परीने मराठीत म्हणाली, "तुमी बसा, मी भजी करून हाडते." बाबा मोठ्याने हसले आणि म्हणाले, "हिच्या मराठीकडे लक्ष देऊ नका. पेडण्याची आहे." पाहुणेही हसले. वाईट मनाने कुणी हसलं नसावं. पण आई आत आली आणि कढईतलं तेल तापून धुरकटलं तरी तिने भजी सोडली नाहीत. मी चुलीतलं लाकूड मागे ओढलं तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत जे होतं ते मला आजही सांगता येत नाही. पुढच्याच आठवड्यात देवळाच्या मंडपात कोंकणीवाल्यांची सभा होती. आई नवीन लुगडं नेसून गेली आणि सगळ्यांत पुढे बसली. मास्तरांची बायको पुढे बसली ही गोष्ट बाबांना घरी पोचण्याआधीच वाटेत तिघाचौघांनी सांगितली.

तेव्हापासून भांडणाची चव गेली. आधी ती दोघं एकमेकांशी भांडायची. आता बाबा कोंकणीवाल्यांशी भांडायचे आणि आई मराठीवाल्यांशी. मीठ, पेंड, छप्पर यांना त्यात जागा उरली नाही. आईच्या वेळेला बाबा घरात असले की रेडिओ बंद करायचे. बाबांच्या बातम्या लागल्या की आई नेमकी तेव्हाच रगड्यावर वाटण घेऊन बसायची. एका संध्याकाळी बाबांनी आवाज वाढवला, आईने तो कमी केला, त्यांनी पुन्हा वाढवला, आणि त्या ओढाताणीत रेडिओचं बटण निखळून अंगणात पडलं. आई आत गेली, माळ्यावरून आपली पत्र्याची पेटी काढली आणि फडक्याने पुसायला लागली. "हांव कोरगांवां वतां," इतकंच म्हणाली. आमच्याकडे समजतात, पिशवी घेऊन माहेरी गेलेली बाई परत येते, पेटी घेऊन गेलेली येत नाही. मी एकुलती एक. मी त्या पेटीवर जाऊन बसले. सतरा-अठरा वर्षांची घोडी, पण बसले, आणि उठले नाही.

दुसऱ्या दिवशी मी रेडिओचं बटण शोधून परत बसवलं आणि वाळपईला आतेला निरोप पाठवला. आते म्हणजे बाबांची थोरली बहीण, विधवा, तोंडाने फटकळ, हाताने सढळ. फणसाच्या तळलेल्या गऱ्यांचा डबा घेऊन ती बसमधून उतरली, दोघांचं वेगवेगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुमचें कोण आयकतलो? देवाक विचारुया." आमच्याकडे घर बांधायचं असो, मुलीचं ठरवायचं असो की म्हैस हरवलेली असो, ग्रामदेवाकडे प्रसाद घेतात. देवाच्या अंगावर ओल्या पिटकुळीच्या कळ्या लावतात. उजवीकडची पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही. देव बोलला की त्यावर माणसाने बोलायचं नसतं.

आम्ही चौघं सकाळी देवळात गेलो. पुजाऱ्याने नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या घरातलो रेडिओ घरात ठेवचो काय भायर काडचो, तो तू कौल दी रे म्हाराजा." आणि आम्ही सगळ्यांनी रीतीप्रमाणे "व्हय म्हाराजा" म्हटलं. आई आणि बाबा एकदमच म्हणाली. आई हळूच पुटपुटली, "देवाकडे आमच्याच भाशेन मागतात." बाबा पुटपुटले, "आरती मराठीत करतात." पुजाऱ्याने दोघांकडे रागाने पाहिलं. बराच वेळ कळी हलेना. ट्रकच्या आवाजाने देवळाची जमीन थरथरत होती. मग उजवीकडची पडली. रेडिओ घरात राहणार.

हा प्रश्न आतेने ठरवला होता. मी पुष्कळदा विचार करते की आम्ही देवाला रेडिओचं का विचारलं. घर फुटायच्या बेताला आलेलं, पेटी सोप्यावर उघडी, आणि आम्ही जाऊन विचारलं ते एका लाकडी खोक्याबद्दल. पण आमच्या गावात सगळे असंच विचारतात. जे हाताने उचलून आत-बाहेर करता येतं तेवढंच देवापुढे ठेवतात. 'आमचं कसं होणार' असं देवाला कुणी विचारत नाही. त्याला तरी कुठली कळी लावणार?

आता पंचाईत झाली. रेडिओ बाहेर काढता येईना, दुसरा आणावा तर तो देवाच्या शब्दाला बगल दिल्यासारखा, आणि आहे तो वाजला की पेटी दाराबाहेर पडणार. आते तोंडात गरा घालून सोप्यावर बसली आणि रेडिओकडे बघत राहिली. शेवटी म्हणाली, "देवान रेडिओ दवर म्हळां. व्हडल्यान लाय म्हणूंक ना." मोठ्याने लावा असं देवाने म्हटलं नव्हतं हे खरंच, आणि तेव्हा मला माझ्या वर्गातली एक मुलगी आठवली. तिच्या भावाने कुवेतहून आणलेला हेडफोन ती कॉलेजात डोक्यावर मिरवायची. आमच्या रेडिओला मागे एक भोक होतं. त्यात तार घातली की रेडिओचा स्वतःचा आवाज बंद पडतो, एवढं मला ठाऊक होतं. मी आतेला सांगितलं. आतेने ते बाबांना एकटं गाठून सांगितलं, आईला वेगळं सांगितलं, आणि दोघंही कबूल झाली. इतक्या लवकर कबूल होतील असं मला वाटलं नव्हतं.

मात्र दोघांच्या अटी वेगळ्या. बाबांना बाहेरचा आवाज कानावर यायला नको होता. बागेत वाकून काम करताना तो डोक्यावरून घसरता कामा नये आणि पाण्याचा शिंतोडा उडाला तर बिघडता कामा नये. आईचं म्हणणं, "माझ्या आंबाड्यार बसाक जाय." शिवाय तिच्या केसांना खोबरेल असायचं, हाताला काजूचा चीक, आणि स्वयंपाकघरातली वाफ. रोज दोन डोक्यांवर चढणार आणि दोन डोक्यांवरून उतरणार, तेव्हा तो टिकला पाहिजे, यावर तेवढं दोघांचं एकमत होतं. मी फुलांच्या माळेचा दोरा घेतला आणि दोघांची मापं घेतली, एका कानापासून डोक्यावरून दुसऱ्या कानापर्यंत. बाबा पेपर वाचत होते, त्यांनी मान थोडी पुढे केली. त्यांचे केस विरळ झालेत हे मला बोटांना कळलं. आईने डोळे मिटून घेतले. दोऱ्याला दोन गाठी मारल्या, एक बाबांची, एक आईची. दोन गाठींत बोटभरही अंतर नव्हतं. मला त्याचा उगाच आनंद झाला.

म्हापशाला शुक्रवारच्या बाजाराला मी आणि आते गेलो. परदेशी वस्तूंच्या एका दुकानात दुकानदाराने तीन हेडफोन काढले. पहिला हलका, पातळ पट्टीचा, कानांवर नारिंगी स्पंज. दुसरा घडी होणारा, दिसायला सुरेख, मला तोच आवडला. तिसरा काळा, जाडजूड, कान पूर्ण झाकणारा, स्टीलच्या पट्टीचा आणि जाड वायरीचा. आतेने तिन्ही हातात घेऊन पाहिले. वायर दोन्ही हातांनी ओढली, पट्टी ताणली, स्पंज नखाने खरवडला. स्पंजाचा भुगा निघाला. "पावसांत हाचें पीठ जातलें," ती म्हणाली. घडीच्या हेडफोनची घडी तिने सारखी उघडमीट केली तेव्हा दुकानदाराने तो तिच्या हातातून अलगद काढून घेतला आणि कबूल केलं की रोज वापरला तर आधी तो जोडच जातो. जोड जितके कमी तितकी वस्तू जास्त दिवस, हे तो आम्हाला सांगत होता तेव्हा त्याचा धंद्याचा सूर जरा गेला होता.

मग आतेने स्पंजवाला कानाला लावला. दुकानदाराने आतून एक टेप सुरू केला. आते म्हणाली, "ह्यांतल्यान भायलें सगळें आयकूं येता. तो कंडक्टर डिचोली, डिचोली म्हणून बोवाळटा, तोय आयकूं येता." दुकानदाराने तो बाजूला ठेवला आणि काळा तिच्या डोक्यावर चढवला. आते भर दुकानात ओरडली, "बाये, कांयच आयकूं येना गो भायलें!" तिला स्वतःचा आवाजही ऐकू येत नव्हता. दुकानातली सगळी माणसं हसायला लागली. आते हसणारी तोंडं बघत होती, हसू ऐकत नव्हती, आणि तीही हसत होती. असा तो काळा हेडफोन पसंत झाला. दोऱ्याच्या दोन्ही गाठींना त्याची पट्टी पुरत होती, बाजूचा चाप सरकवला की लहानमोठी व्हायची. "हो मोडचो ना, मावशे," दुकानदार म्हणाला. आमचा रेडिओ जुना असल्यामुळे आवाज एकाच कानात येईल म्हणून त्याने पिनेतल्या तारा सोडवून पुन्हा जोडून दिल्या आणि वर चिकटपट्टी गुंडाळली. परतताना बसमध्ये मी ते खोकं मांडीवर धरून बसले होते. आई जाणार नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

आणि आई गेली नाही. पेटी माळ्यावर गेली. पहिले काही दिवस मला घर इतकं गोड वाटलं की मी आतेला पत्र लिहून सुंगटांची, म्हणजे सुक्या कोळंबीची, किसमूर करायला बोलावलं. दुपारी आई मागच्या अंगणात काळा हेडफोन लावून बिया फोडायची, मान डोलवायची. संध्याकाळी बाबा तोच लावून पोफळींत फिरायचे. बाबा तो उचलायचे तेव्हा चाप आईच्या मापावर असायचा, ते तो सरकवायचे. दुसऱ्या दिवशी आई पुन्हा सरकवायची. कानाच्या गाद्यांना खोबरेलाचा वास लागला होता. बाबा रुमालाने गाद्या पुसायचे, पण तक्रार करत नसत. शेजारणी आईला म्हणायच्या, तुमच्यात आता शांतता आहे. आई म्हणायची, हो.

ती शांतता केव्हा वाढली ते मला नीट सांगता येणार नाही. बाबा बातम्या संपल्यावरही हेडफोन काढेनासे झाले. कार्यक्रम कुठला आहे याला महत्त्व उरलं नाही, शेतीचा, कामगारांचा, काहीही. जेवतानासुद्धा रेडिओ पाटाशेजारी. आईने भात वाढला की ते हात आडवा करून पुरे सांगायचे. मीठ कमी असलं तर स्वतः उठून घ्यायचे. आईला काही सांगायचं असलं तर ती मला सांगायची, मी बाबांच्या खांद्याला हात लावायचे, ते एक कान मोकळा करायचे, ऐकायचे आणि पुन्हा झाकायचे. पुढे आई मलाही सांगेनाशी झाली. पेंड संपली की ती स्वतःच बाजारातून आणायची. छप्पर गळलं त्या जागी तिने टोप ठेवला, आणि तो टोप तिथे कायमचा राहिला. मी कॉलेजातून आले की घरात फक्त चुलीचा आणि रहाटाचा आवाज असायचा. मला रडू यायचं. दोन माणसं हातापायांनी धड, घरात खायला आहे, मारझोड नाही, दारू नाही, आणि घर मेलेलं. हे कुणाला सांगणार?

राजभाषेचा कायदा झाला त्या दिवशी मी घरीच होते. आईने दुपारी बातमी ऐकली. मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं. ती उठून उभी राहिली, हातातला कोयता खाली ठेवला, आणि इकडेतिकडे पाहिलं. तिला कुणाला तरी सांगायचं होतं. मी पुढे झाले तर म्हणाली, "जालां," आणि पुन्हा बसली. संध्याकाळी बाबांनी त्याच गाद्यांतून तीच बातमी मराठीत ऐकली. राजभाषा कोंकणी झाली होती, पण सरकारी कामात मराठीही चालणार होती; कायद्यात दोघांनाही थोडं थोडं मिळालं होतं आणि दोघांनाही थोडं थोडं डावललं होतं. एरवी त्यावर आमच्या घरात महिनाभर पुरेल एवढं भांडण झालं असतं. मी दारात उभी राहून वाट पाहत होते. बाबांनी आईकडे पाहिलं, आई तांदूळ निवडत होती. त्यांनी आवाज थोडा वाढवला आणि बागेत निघून गेले. पुढे घटकराज्य झालं तेव्हा शाळेत पेढे वाटले. बाबांनी पुडी घरी आणून फळीवर ठेवली. आईने त्यातले अर्धे खाल्ले, अर्धे ठेवले. मी ते अर्धे पेढे पुढचे कित्येक दिवस बघत होते, मग मुंग्या लागल्या.

आता मी म्हापशात असते. माझा नातू दिवसभर कानात त्या पांढऱ्या गोळ्या घालून फिरतो, आणि त्याची आई त्याला बोलते, मग माझ्याकडे बघते, मी दोन शब्द सांगावेत म्हणून. मी सांगत नाही. त्याला हाक मारली की तो एक गोळी काढून "काय आजी" म्हणतो, मला तेवढं पुष्कळ वाटतं.

त्या काळात मी मनातून एकच मागायचे, तो हेडफोन मोडू दे. पण आते वस्तू पारखून आणणारी बाई. तो बाबांच्या खांद्यावरून चिखलात पडला, धुऊन वाळत घातला, वाजला. वासराने एक गादी चघळली, आईने जुन्या छत्रीच्या कापडाची दुसरी शिवली, वाजला. एक पावसाळा त्याच्यावर बुरशी आली, ती पुसली, वाजला. अडकित्ता हातात घेऊन मी एकदोनदा त्या वायरीपाशी बसलेही, पण पेटी आठवायची आणि मी अडकित्ता परत पानाच्या तबकात ठेवायचे. मोडला तर काय होईल याची मला आशा होती तेवढीच भीती होती.

शेवटी तो गेला. पिनेजवळ, चिकटपट्टीखाली, वायर तुटली. दुपारची वेळ होती. आईच्या कानातला आवाज गेला आणि रेडिओत पिन तशीच असल्यामुळे रेडिओही गप्प. तिने पिन ओढून काढली तर अंगणभर गाणं घुमलं, कोंबड्या पळाल्या. आईने झटकन रेडिओ बंद केला. मी स्वयंपाकघरात होते. मी मनात म्हटलं, आज. आज बाबा येतील, हेडफोन नाही, आज काहीतरी बोलतील, आई उत्तर देईल, मग ते चिडतील, मग ती चिडेल. मला त्या भांडणाची इतकी भूक लागली होती की मी बाबांना आवडतात म्हणून केळ्याच्या मुळकांचं, म्हणजे गोड भज्यांचं, पीठ भिजवायला घेतलं.

आईने हेडफोन कागदात गुंडाळला, लुगडं बदललं आणि बसथांब्याकडे निघाली. कुठे म्हणून विचारलं तर म्हणाली, "डिचोलेक." एरवी एकटीने बाजाराला जायला ती कुरकुरायची.

बाबा आले. पाणी प्यायले, रेडिओपाशी गेले, फळीवर हात फिरवला, खाली वाकून पाहिलं. मी सांगितलं, वायर तुटली, आई दुरुस्त करायला घेऊन गेली. ते थोडे उभे राहिले. मग त्यांनी रेडिओ तसाच लावला, आणि मराठी बातम्या मोकळ्या आवाजात घरभर पसरल्या. मला तो आवाज अनोळखी वाटला. बाबांनाही वाटला असावा, कारण त्यांनी तो कमी केला. आरामखुर्चीत बसले, उठले, दारापर्यंत गेले. "तुजी आवय केन्ना येतली?" त्यांनी विचारलं. कित्येक महिन्यांत त्यांनी तिच्याबद्दल विचारलेलं मी ऐकलं नव्हतं. मी म्हटलं, "येतलीच आतां." त्यांनी खुर्ची वळवून दाराकडे तोंड करून ठेवली. मी आत जाऊन मुळकं तळायला घेतली.

आई उन्हं उतरताना आली. घामाने चिंब, पायांवर तांबडी धूळ. दारात तिला बातम्यांचा आवाज ऐकू आला असणारच. बाबा खुर्चीत पुढे सरकले. त्यांचं तोंड किंचित उघडलं होतं, ते काहीतरी म्हणणार होते, हे मी शपथेवर सांगते. आई चपला न काढताच सोप्यावर चढली, पिशवीतून हेडफोन काढला, सरळ जाऊन पिन रेडिओच्या मागे घातली. घर गप्प झालं. तिने हेडफोन बाबांच्या मांडीवर ठेवला. बाबांनी तिच्याकडे पाहिलं, हेडफोनकडे पाहिलं, आणि मग तो उचलून डोक्यावर चढवला.

मी मोरीत तिच्या पायांवर पाणी ओतलं. म्हटलं, "आई, इतकी घाई कित्याक? फाल्यां जातो आसलो." ती पाय एकमेकांवर घासत राहिली.

"ते उलयले आसते तर," ती म्हणाली, "माका जबाब दिवंक लागतो आसलो गो."

मी तांब्या पुन्हा भरून घेतला आणि तिच्या पायांवर ओतला.